मोरीवरचा देव

१० फेब्रुवारी
प्रेमा पडली. जिथे कुणीतरी पडणार असं मी दोन वर्षं कागदावर लिहून देत होते, तिथेच माझी सून पडली.

शामने पतपेढीतून आणलेली ही डायरी कोरीच होती. अर्जांच्या तारखा टिपायला म्हणून ठेवली होती. आज दुसरंच लिहायला घेतलं, कारण कुणाशी बोलावं तर सगळे दवाखान्यात.

आमच्या गावाकडे वळताना ओढ्यावर मोरी आहे. खालून पाण्याचा पाईप, वरून डांबर. मागच्याच्या मागच्या पावसात तिचा एका बाजूचा कठडा वाहून गेला आणि अर्धा रस्ता खचला. तोही नेमका वळणावर. धसईकडून येणाऱ्याला खड्डा दिसेपर्यंत चाक आत गेलेलं असतं. प्रेमाचं धसईला शिवणकामाचं दुकान आहे, रोज स्कूटीवर जाते-येते. संध्याकाळी गाडीसकट ओढ्यात गेली. डाव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं. डोकं वाचलं, गावदेवीची कृपा.

शाम घरी आला तेव्हा मी नवीन अर्जाला कागद काढला होता. तो म्हणाला, "आई, आता अर्ज पुरे." पुढचं तो बोलला नाही. मला ऐकू आलं.

१३ फेब्रुवारी
प्लास्टर घालून प्रेमा घरी आली. तिची आई सापगावहून येणार आहे, पाय बरा होईपर्यंत राहणार. विहीणबाई आल्या तर मला मदतच होईल. असं लिहून ठेवते, म्हणजे तसं वाटायला लागेल.

१५ फेब्रुवारी
देवकीबाई आल्या. येताना तांदळाचं पीठ, सुकट, डिंकाचे लाडू आणि एक जिवंत कोंबडी. कोंबडी पाय सोडल्याबरोबर माझ्या चुलीपाशी जाऊन बसली. विहीणबाईही.

"तुमी बसा हो विहीणबाई, आता मी आलीय ना." माझ्याच घरात मला बसा म्हणतात. बसले.

प्रेमा मला आत्या म्हणते. मनापासून म्हणते, त्यात खोट नाही. पण आयस दारात दिसल्यावर "आये" अशी जी हाक तिच्या तोंडून निघाली ती मी नऊ वर्षांत ऐकली नव्हती. ऐकणार कशी, ती माझ्यासाठी नव्हतीच. आणि माझी नात कुणाली, जिला मी न्हाऊमाखू घातलं, ती जेवण झाल्यावर सरळ सापगावच्या आजीच्या मांडीवर. गोष्ट ऐकताना हसत होती. मी सांगते त्या गोष्टीत हसण्यासारखं काही नसतं, बोध असतो.

१९ फेब्रुवारी
विहीणबाईंनी मोरीचा विषय काढला. मी ट्रंकेतून अर्जांच्या नकला काढून दाखवल्या. खरं सांगायचं तर मला त्या दाखवायच्याच होत्या. अंगठा पुसून सही यायला मला चाळिशी उजाडली, संध्याकाळच्या वर्गात आणि पुड्यांच्या कागदांवर मी अक्षरं शिकले, आणि आज गावात कुणालाही अर्ज लिहायचा तर माझ्याकडे येतात. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे मी कुणाला न विचारता लिहिते.

त्यांनी कागद उलटेसुलटे करून बघितले. वाचता येत नाही त्यांना. मग म्हणाल्या, "अक्षर काय गो देखणं आहे. पण हे दिलंत कुणाच्या हातात?"

"आवकच्या खिडकीत. शिक्का घेऊन."

"खिडकीला काय ऐकू येतंय?"

मला राग आला. शिक्के दाखवले. त्या म्हणाल्या, "चांगले उठलेत." सगळा गठ्ठा पिशवीत घातला आणि शामला म्हणाल्या, "जावईबापू, उद्या मला तालुक्याला न्या." माझे कागद, आणि मला चल म्हणायचं कुणाला सुचलं नाही. प्रेमापाशी कुणीतरी थांबायला हवं होतं, हे खरं आहे. पण सुचायला काय हरकत होती.

१९ फेब्रुवारी
काम झालं. उद्यापरवा ओव्हरसियर मोजमापाला येणार.

शामने येऊन सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. विहीणबाई बांधकामाच्या ऑफिसात गेल्या आणि साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. अर्ज पुढे ठेवले. साहेब म्हणाले, "ठेवून जा, बघतो." या म्हणाल्या, "मला वाचता येत नाय. माझ्या विहिणीने काय लिवलंय ते मला वाचून दाखवा. आयकल्याशिवाय मी कशी जाऊ?" साहेबांनी एक वाचला. "मोठ्यानं वाचा, माझा कान जरा मंद आहे." दुसरा वाचला. आजूबाजूची माणसं काम सोडून ऐकायला लागली. शाम म्हणतो, तिसरा अर्ज वाचता वाचता साहेब मधेच थांबले. 'एखादे लेकरू पडल्यावरच आपण येणार काय' असं मी त्यात लिहिलं होतं. विहीणबाई म्हणाल्या, "पडली. माझीच पडली. पुढं वाचा." जेवणाची वेळ झाली तर स्वतःचा डबा तिथेच सोडला आणि साहेबांना सुकटीची चटणी वाढली.

शाम सांगताना हसत होता. प्रेमा हसत होती. कुणाली तर साहेबांची नक्कल करत सगळ्या घरात फिरली. मीही हसले.

पण लिहिलं मी. दोन वर्षं एकेक शब्द खोडून पुन्हा लिहिला मी. आणि गावात आजपासून बोललं जाणार की सापगावच्या बाईने एका दिवसात काम केलं. जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही.

विहीणबाई झोपायच्या आधी म्हणाल्या, "तुमच्या लिवण्यात ताकद आहे हो." मी म्हटलं, "दिवा घालवते."

२२ फेब्रुवारी
ओव्हरसियर येऊन टेप लावून गेला. तरुण आहे. गाडीवरून उतरताच विचारलं, "सापगावच्या मावशी कुठे आहेत?" मी शेजारीच उभी होते. मार्चमध्ये काम लावू म्हणाला. मार्च संपायच्या आत उरकलं पाहिजे, नाहीतर निधी परत जातो आणि मग पावसाळा गेल्याशिवाय काही नाही.

तोवर कुणी पडू नये म्हणून विहीणबाईंनी खड्ड्याभोवती काठ्या रोवून लाल फडकी बांधली. आपल्या जुन्या लुगड्याची. सरपंच येता-जाता दोनदा वाखाणून गेले. लुगडं टिकाऊही नव्हतं.

२६ फेब्रुवारी
लाल फडक्यांना कुणी भीक घालत नाही. आज बुधू दूधवाला त्या काठ्या मोडूनच गेला, एक किटली ओढ्यात. शाम पहाटे आसनगावला लोकल धरायला त्याच मोरीवरून जातो. तो निघाला की त्याच्या गाडीचा आवाज मोरीपलीकडे जाईपर्यंत मी दारातून हलत नाही.

मला वाईट वाटलं फडक्यांचं. पण खरं लिहायचं तर जरा बरंही वाटलं.

२८ फेब्रुवारी
मी एक गोष्ट केली आहे. ती फक्त इथे लिहिते.

पोरं लाल कापडाला भीत नाहीत, पण शेंदराला हात जोडतात. आणि हात जोडायचा म्हणजे हँडलवरचा एक हात काढावा लागतो, म्हणजे गाडी हळू करावीच लागते. हे मला दळण निवडताना सुचलं. मागच्या पडवीत आमचा जुना वरवंटा पडून होता. मिक्सर आल्यापासून त्याला कुणी विचारत नाही. एका टोकाला टवका उडालेला आहे. सकाळी ओढ्यावर जाते असं सांगून पाटीत घालून नेला. मोरीच्या तोंडाशी चार दगड रचले, वर वरवंटा उभा केला आणि तेलात शेंदूर कालवून सगळ्याला फासला. वळणावरून लांबूनच नारिंगी दिसतो.

पाप लागेल का? याच वरवंट्याला शामच्या बारशाला कुंची घालून पाळण्याखालून काढलं होतं, कानात नाव सांगितलं होतं. म्हणजे तो अगदीच साधा दगड नाही.

घरी आले तर विहीणबाई अंगण झाडत होत्या. म्हणाल्या, "हाताला काय लागलंय?" मी म्हटलं, "कुंकू सांडलं." त्या बरं म्हणाल्या.

३ मार्च
गाड्या हळू होतात. बुधूसुद्धा. मी मोरीजवळच्या पिंपळाखाली बसून बघितलं. पोरं येतात, शेंदूर दिसला की ब्रेक, एक हात कपाळाला, आणि खड्ड्याच्या कडेने नीट पार. एकही चुकत नाही.

फडक्यांना कुणी हात जोडले नव्हते.

५ मार्च
प्रेमाला पाट्यावरची चटणी खावीशी वाटली. आयसने वाटलेली. विहीणबाईंनी पाटा धुऊन काढला आणि वरवंटा शोधायला लागल्या. पडवी, माळा, गोठा.

"विहीणबाई, तुमचा तो टवका उडालेला वरवंटा कुठं गेला?"

"कुठे गेला कोण जाणे," मी म्हटलं. "माणसं काहीही उचलून नेतात."

"वरवंटा कोण नेतोय हो?"

मी कुणालीला अभ्यासाला बसवायला आत गेले.

६ मार्च
विहीणबाई सकाळी फुलं घेऊन मोरीवर नव्या देवाच्या पाया पडायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या ओढ्यातला एक गोल गोटा घेऊन, आणि त्याच्यावर चटणी वाटली. वरवंट्याचा नाद सोडला एकदाचा. दिवसभर मधूनच एकट्या हसत होत्या. कुणालीने विचारलं, "आजी, का हसतेस?" तर म्हणाल्या, "देव बघून आले ना, म्हणून."

भोळी बाई आहे. चटणी चांगली झाली होती, गोट्यावर वाटूनही.

१२ मार्च
हे वाढत चाललं आहे. नारळ फुटायला लागले. कुणीतरी घंटा बांधली. मोरीदेव असं नावही पडलं. वरच्या पाड्यातली हिरी सांगत होती की तिच्या आज्याच्या वेळेपासून तो देव तिथे आहे, मधे दिसेनासा झाला होता. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पोरं होळीनंतर वर पत्र्याची शेड घालणार आहेत.

बुधू सांगत फिरतो की देव आल्यापासून मोरीवर एकही अपघात नाही. सगळं देवानेच केलं. म्हणजे ऑफिसातलं काम विहीणबाईंनी केलं आणि मोरीवरचं वरवंट्याने. मी फक्त इथे राहते.

१८ मार्च
जेसीबी आला आणि परत गेला.

माणूस खाली उतरला, चप्पल काढली, देवाला हात जोडले आणि म्हणाला, "देवाला हात लावणार नाय. माझ्या घरी लहान पोरं हायत." जुनी मोरी फोडायची तर पहिला घाव तिथेच बसणार. ओव्हरसियर आला. तो म्हणाला, "ऑफिस यात पडणार नाही. गावाने मिळून देव हलवा, मग काम. पण लवकर करा, महिना संपत आलाय."

सरपंच म्हणाले हलवू. हिरी म्हणाली, हलवून बघाच. तेवढ्यात आजूबाजूला माणसं जमली आणि कुणी पुढे होईना. शाम संध्याकाळी त्याच खड्ड्यावरून घरी आला.

२० मार्च
दोन दिवस जेवण जात नाही. मोरी माझ्यामुळे अडली आहे. दोन वर्षं ज्या कामासाठी कागद झिजवले ते आता मीच अडवून बसले आहे.

सांगून टाकावं तर गाव हसेल. त्याचं इतकं नाही. विहीणबाई काय म्हणतील, कुणाली काय म्हणेल, याचं आहे. एक आजी साहेबाला वाचायला लावते आणि दुसरी वरवंट्याला देव करते.

आणि न सांगावं तर पाऊस येईल, अर्धा रस्ता आहे तोही जाईल, आणि शाम रोज पहाटे निघतोच.

देवकीबाईंनी आज त्याच देवाला प्रेमाच्या पायासाठी साखरेचा नवस बोलला. मी समोर बसून ऐकलं.

२२ मार्च
आज गावदेवीच्या देवळात बैठक होती. मी ठरवून गेले होते की सांगायचं. नवं लुगडं नेसले होते, का ते माहीत नाही.

नुसता कालवा. कुणी म्हणे मोरी दुसरीकडे बांधा. ओढा काय दुसरीकडे नेणार? कुणी म्हणे कौल लावा. मी हात वर केला. सरपंच म्हणाले, "बोला सुंदराताई." मी उभी राहिले. म्हटलं, "तो देव म्हणजे..."

तेवढ्यात मागून विहीणबाई उठल्या. "ताई सांगतायत ते मी सांगते. त्यांना बोलवत नाय, अंगावर काटा आलाय त्यांच्या. देव माझ्या सपनात आला. म्हणला, मला हितं गाड्यांचा धूर लागतो. मी म्हटलं, मग कुठं जातोस रे? म्हणला, तुझ्या विहिणीच्या अंगणात. शेवग्याखाली. तिथं मला बरं वाटंल."

 हिरी म्हणाली, "धूर तर लागतोच." सरपंचांनी लगेच नारळ वाढवला.

मी उभीच होते. मी तोंड उघडलं होतं. एवढं धाडस मी जन्मात केलं नव्हतं आणि तेही त्यांनी हिसकावून घेतलं. स्वप्नसुद्धा त्यांनाच पडलं. देव माझा, वरवंटा माझा, शेंदूर माझा, आणि स्वप्नात गेला तो त्यांच्या.

घरी येताना त्यांनी माझा हात धरला होता. वाटेत ठेच लागेल म्हणून असेल. मी सोडवून घेतला नाही.

२३ मार्च
ढोल वाजवत देव आमच्या अंगणात आणला. विहीणबाईंनी उचलून आणला, डोक्यावर पदर घेऊन, टवक्याची बाजू हाताने नीट झाकून. शेवग्याखाली ठेवला. गावाला चहा मी केला.

दुपारी जेसीबी सुरू झाला. इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता.

३० मार्च
पाडवा. मोरी झाली. दोन्ही बाजूंना कठडे, पांढरे-काळे पट्टे. ओव्हरसियरने फोटो काढायचे म्हणून विहीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "फोटोत मी कशाला? लिवणारी ही." मला पुढे ढकललं आणि स्वतः गुढीची साखर वाटायला निघून गेल्या. फोटोत मी एकटी आले. कपाळाला आठ्या आहेत, कारण मला कळेना की हसावं की त्यांना हाका माराव्यात.

५ एप्रिल
प्रेमाचं प्लास्टर काढलं. काठी घेऊन मोरीपर्यंत चालत गेली, कठड्याला हात लावून आली. एका बाजूला आयस होती. दुसरा हात तिने मला दिला होता. परत येताना दमली तेव्हा भार माझ्याच बाजूला टाकला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

९ एप्रिल
विहीणबाई गेल्या.

कुणाली रडली. प्रेमा रडली. कोंबडी ठेवून गेल्या. मी पिशवीत पापड, मसाला आणि म्हसा गावच्या जत्रेतली घोंगडी भरली. घोंगडी नवीच होती, माझ्यासाठी घेतलेली. का दिली कोण जाणे.

निघताना देवाच्या पाया पडल्या. अंगणात सगळे उभे होते. शाम सांगत होता, आज शेवग्याखाली पत्रे घालतो, पोरांनी आणूनच ठेवलेत. विहीणबाई मला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "वर छप्पर घालू नका हो. पाऊस लागू दे त्याला. चार पावसांत शेंदूर धुऊन जाईल. गणपतीला मी येते, मग चटणी वाटू. त्या गोट्यावर नाय वाटत नीट, मनगट दुखतंय."

आणि शामच्या मागे बसून निघून गेल्या. गाडीचा आवाज मोरीपलीकडे गेला तरी मी तिथेच.

म्हणजे सहा मार्चपासून. फुलं घेऊन गेल्या होत्या तेव्हापासून. महिनाभर माझ्याच चुलीपाशी बसून, माझ्याच हातचं जेवून, एक शब्द नाही. लेकीलाही नाही. देवळातही नाही. नवस बोलल्या तोही मला ऐकू जाईल अशा बेताने.

एवढं पोटात ठेवता येतं बाईला. मला नाही येत, म्हणून तर डायरी लागते. याचाही मला हेवा वाटतो.

शाम परत आल्यावर पत्रे उचलायला लागला. त्याला म्हटलं, राहू दे.